मधल्या शेपट्या

नकारबाईंनी निकाल मनात लिहूनच ठेवला होता; सुनावणी आपली नावाला. समोरची धारवाली खुर्चीच्या अगदी कडेला टेकली होती. तिचं धार लावायचं चाक खाली वॉचमनने अडवून ठेवलं होतं, त्यामुळे तिचा अर्धा जीव तिकडेच होता.

नकारबाई हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हे. ट्रेडमार्कच्या ऑफिसात पाचव्या मजल्यावर बसून त्या वर्षानुवर्षं लोकांचे अर्ज तपासत आणि त्यातले बरेचसे परत पाठवत, तेव्हा सोबतच्यांनीच हे चिन्ह त्यांना चिकटवलं होतं, तेही नोंदणीबिंदणी न करता. पूर्वी काम कसं निवांत होतं. परदेशातल्या बड्या कंपन्यांचे वकील यायचे, गुळगुळीत कागद ठेवायचे आणि जायचे. आता देश गरीब राहिला नव्हता आणि श्रीमंत म्हणावा असाही झाला नव्हता. मधल्या पायरीवर उभा होता, आणि त्या पायरीवरच्या ज्याला त्याला आपलं नाव पक्कं करून हवं होतं. साबणवाले, गादीवाले, शिकवण्या घेणारे, केस कापणारे. अर्जांना नुसता ऊत आला होता. साहेबांना त्या वाढीचा आलेख वर पाठवायचा होता, म्हणून सकाळपासून ते सारखे येऊन 'उरका, उरका' करून जात होते.

हा अर्ज तर उरकायला सोपाच होता. चिन्ह 'धार', आणि काम सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचं. आता 'धार' हा शब्द एकटीच्या नावावर कसा करून द्यायचा? उद्या कुणी येऊन 'पाणी' मागेल. नकारबाईंनी तिला हे समजावून सांगितलं, जरा लहान मुलाला सांगावं तसंच.

धारवालीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, मी 'धार' मागितलंच नाही. मी लिहिलं होतं त्यातल्या मधल्या शेपट्या कुणी काढल्या?"

नकारबाई चपापल्या. शेपट्या त्यांनीच काढल्या होत्या. मूळ अर्जात 'धा' आणि 'र' यांच्यामध्ये 'ऽऽऽऽऽ' अशी अवग्रहांची लांबच लांब रांग होती. बिचारीचं बटण अडकलं असेल, असं समजून त्यांनी ती पुसून टाकली होती आणि कसं नीटनेटकं झालं म्हणून वर खूशही झाल्या होत्या.

शब्द खुशाल कुणीही घ्यावा, धारवाली सांगू लागली, तिला हवी होती ती हाक. हाक तिच्या बापाची. तो थकला तेव्हा चाकाबरोबर ती हिच्याकडे आली. पण हल्ली एक पठ्ठ्या हिची हाक मोबाइलवर पकडून, गाडीला कर्णा लावून वाजवत फिरत होता. लोक हीच आली समजून कात्र्या घेऊन खाली धावायचे, तो पाती वाकडी करून द्यायचा आणि शिव्या हिच्या वाट्याला. आणि आता म्हणे तोच नोंदणी करणार होता.

"त्याची झाली, तर मला तोंड मिटून फिरावं लागेल. मुक्या धारवालीला कोण ओळखणार?"

नकारबाईंचा आवाज आता जरा खाली आला होता. आवाजाचीही नोंद होते, त्या म्हणाल्या, पण तो कानावर पडताच लोकांनी ओळखायला हवं की ही तीच. ते कशावरून मानायचं?

"मारू का इथे?" धारवालीने विचारलं.

नकारबाईंनी आधी दाराकडे बघितलं, मग मान डोलावली.

धारवाली उठली. पुढच्या रस्त्यावरच्या खिडकीकडे तोंड केलं, एक हात कानाशी नेला. 'धा' निघाला तो अगदी साधा, कुणीही म्हणावा तसा. मग तो चढायला लागला. छताला लागला, काचांना लागला, खोलीत मावेना, आणि तिचा श्वास काही संपेना. आवाज पातळ होत गेला, दगडावर पातं होतं तसा. आता तुटणार, असं वाटतंय तोच 'र' आला आणि एका घावात सगळं कापून गेला.

नकारबाईंच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं चिन्हं तपासली, पण असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. आणि हेच आपण बटण अडकलं समजून पुसलं होतं.

जिन्यात पावलं वाजली. कॅन्टीनचा आचारी दोन सुऱ्या घेऊन धापा टाकत दारात उभा. नेहमी मागच्या गल्लीतून जाता, आज थेट वर कशा आलात, असं त्याने धारवालीला विचारलं. त्याच्या मागोमाग टपाल विभागातल्या बाई कात्री घेऊन आल्या. सगळ्यांत शेवटी साहेब आले, कपाळाला आठ्या घालून. कोण ओरडतंय ते बघायलाच आले असावेत. धारवालीला त्यांनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. ते दारात थांबले आणि गोंधळून म्हणाले, "आज गुरुवार आहे का?"

मंगळवार होता. गुरुवारी ती मागच्या गल्लीतून जायची, साहेबांच्या बंद खिडकीखालून.

लोकांनी ओळखावं ते चिन्ह, असं नकारबाई दर वर्षी नव्या मुलांना शिकवत. आज ते वाक्य सुऱ्या-कात्र्या घेऊन दारात उभं होतं. त्यांनी अर्ज पुन्हा उघडला आणि 'शब्द' खोडून तिथे 'आवाज' केलं. ध्वनिमुद्रण लागेल, ते खाली जाऊन आजच करू, असं तिला सांगितलं. मग 'धा'च्या पुढे येऊन त्या थांबल्या.

"किती शेपट्या घालू?"

"दम संपेपर्यंत," धारवाली म्हणाली.

नकारबाईंनी बटणावर बोट ठेवलं आणि दाबूनच धरलं. स्क्रीनवर एक ओळ भरली, दुसरी सुरू झाली, तिसरी सुरू झाली, आणि दारातून 'उरका' असं कुणी म्हणालं नाही.