मेजावरचं कापड

सत्त्याऐंशीच्या ईस्टरला ताईबाईच्या अंगावर शाल घालायची असं मंडळीनं ठरवलं, आणि त्या दुपारी झुंबरबाईनं भाकरीचं ताट बाजूला सारलं.

बातमी आणली शेजारच्या मंदाबाईनं. "प्रभुभोजनाच्या मेजावरचं कापड ताईबाई इतकं पांढरंशुभ्र ठेवतात, त्यांची कदर व्हायला हवी, असं म्हणाले पाळकसाहेब."

कापड ताईबाई ठेवते? अहो, ताईबाई शनिवारी संध्याकाळी मेजावर फुलं मांडायची, एवढंच. कापड धुवायची झुंबरबाई. तिचा नवरा देवपूरच्या त्या चर्चचा चौकीदार होता. तो गेला, पण मागच्या दाराची किल्ली घरातच राहिली. पुढे पाळकसाहेबांनी एका उपदेशात सांगितलं, माणसांच्या शाबासकीसाठी काही करू नका, गुपचूप करा, देव बघतो. झुंबरबाईच्या ते काळजाला भिडलं. तेव्हापासून प्रत्येक प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटायच्या रविवाराआधी, ती कापड गुपचूप घरी आणायची, धुवायची, नीळ घालायची, कोळशाची इस्त्री फिरवायची आणि शनिवारी दुपारी परत मेजावर अंथरून यायची. कुणाकडे अवाक्षर काढलं नाही.

"देव बठ्ठं देखस, सगळं बघतो," ती स्वतःशी म्हणायची. पण रविवारी बायका "काय कापड आहे हो!" म्हणाल्या की मान जरा ताठ व्हायचीच. माणूसच ती.

"मग ताईबाईनं 'मी नाही' म्हणून सांगितलं नाही?" तिनं विचारलं.

"गप्प बसल्या. नुसत्या हसल्या."

"हसली! आयत्या बिळावर नागोबा!"

"म्हणजे हो अक्का?"

झुंबरबाई पेचात पडली. सांगावं तर इतक्या दिवसांचं गुपित मातीत, न सांगावं तर पोट फुटायची वेळ. तिनं डोळे मिटून प्रार्थना केली, "देवा, मला शाल नको. पण तिलाही मिळू देऊ नकोस." प्रार्थना करून झाल्यावर तिला जरा लाज वाटली. मग परत राग आला.

ईस्टरच्या आदल्या दिवशी कापडाला इस्त्री झाल्यावर तिला युक्ती सुचली. तिनं मंदाबाईला हाक मारली. "सुईत लाल दोरा ओवून दे गं."

मंदाबाईनं दोरा ओवला आणि हसली. "अक्का, तुमच्या लुगड्यावर तर निळे ढगच उतरलेत."

"नीळच मेली भेसळीची येते हल्ली! दे इकडे."

मंदाबाई गेल्यावर झुंबरबाईनं कापडाच्या एका कोपऱ्यात दोऱ्याची जाडशी गाठ मारली. बोटांनी चाचपून बघितली. आता कळेल म्हणाली, कापड कुणाचं आणि शाल कुणाची.

ईस्टरची उपासना संपली. पाळकसाहेबांनी शाल हातात घेतली आणि ताईबाईचं नाव पुकारलं. झुंबरबाई उठून उभी राहिली.

"थांबा, पाळकसाहेब. कापड जिनं धुतलं, तिनं एका कोपऱ्यात लाल दोऱ्याची गाठ मारली आहे. ताईबाईला विचारा, कुठल्या कोपऱ्यात ते."

चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. शेवटी पाळकसाहेबांनीच चारही कोपरे उचलून पाहिले. पुन्हा पाहिले.

"झुंबरबाई, गाठ तर कुठंच नाही."

झुंबरबाई मेजापाशी धावली. चारही कोपऱ्यांवर तिनं बोटं फिरवली. मऊ, सरळ, स्वच्छ कापड. मागं कुणीतरी खुदकन हसलं. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात ताईबाई हळूच म्हणाली, "शाल राहू द्या, पाळकसाहेब. मी कधी म्हटलं, हे कापड धुणं माझं काम आहे म्हणून?"

झालं! शाल कपाटात गेली आणि झुंबरबाई बुचकळ्यात पडली. ताईबाई म्हणते, माझं काम नाही. आपण तर धुतलं. मग गाठ गेली कुठं? देवानं काढली? का तर आपण शिक्का मारायला गेलो म्हणून? का देवदूत येऊन गेला? पण देवदूत कशाला दोरे उसवत बसेल!

बाहेर पायरीवर ताईबाईनं तिचा हात धरला. "अक्का, डोळ्यांचं शिबिर लागलंय. दाखवून घ्या ना. मी येते सोबत."

"माझी मी जाईन," झुंबरबाईनं हात झटकला. चारचौघांत आपल्याला खोटं पाडलं, आता आंधळी ठरवते!

पण गेली, मंदाबाईला घेऊन. मोतीबिंदू निघाला. पट्टी सुटेपर्यंत पडल्या पडल्या तिला एकच घोर लागला होता. देवाला खरं माहीत आहे ना, मग आपल्या जिवाला का चैन नाही?

जाड भिंगांचा चष्मा मिळाला तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन. भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसायला लागली तशी ती थेट ताईबाईच्या घरी निघाली. आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा होता.

ताईबाई इस्त्री करत होती. समोर प्रभुभोजनाचं कापड, दुधासारखं पांढरं. आणि शेजारी खाटेवर त्याच मापाचं दुसरं एक कापड, चुरगळलेलं.

"अक्का! चष्मा आला?" ताईबाई दचकली. तिचा हात घाईनं खाटेवरच्या कापडाकडे गेला. पण झुंबरबाईनं ते आधीच ओढलं आणि उलगडलं.

जागोजागी निळीचे डाग. मधोमध द्राक्षरसाच्या प्याल्याचं काळपट वर्तुळ, जसंच्या तसं.

"अगं बाई! हे तुझं धुणं?" पांढरं ते आपण धुतलेलं आणि हे तिचं, असं वाटून झुंबरबाईला हसूच आलं. "आणि यासाठी शाल देत होते! थांब, उद्या मंडळीसमोरच मांडते."

"नको ना अक्का," ताईबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. "राहू द्या. मी धुते परत."

"आता का नको गं? आता का?" म्हणत झुंबरबाईनं घडी घालायला कोपऱ्याला कोपरा जुळवला, आणि तिच्या बोटांना लाल दोऱ्याची गाठ लागली.