हाकायचे व्यंजन

"खोसा? काय खोसायचा गो?" नांगराचे रुमणे न सोडताच राघोमामांनी विचारले.

"खोसायचं काही नाही, मामा. भाषेचं नाव आहे ते, दक्षिण आफ्रिकेतल्या. आणि खोसा नाहीच खरं. मला म्हणता येत नाही, म्हणून खोसा."

दर्शना सकाळच्या पहिल्या एसटीने शहापूरहून मुरबाडला आणि तिथून टमटमने सिद्धगडाच्या पायथ्याच्या या गावी आली होती, ती एका आवाजासाठी. तेलुगू आणि खोसा या दोन भाषांची तुलना हा तिच्या संशोधनाचा विषय. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत परीक्षकांनी साधेच विचारले होते, "ज्या भाषेवर पुढली पाच वर्षं काम करणार, तिचं नाव तरी उच्चारून दाखवा." ते तिला जमले नव्हते. सोमवारी पुन्हा बोलावले होते. जागा एकच होती, उमेदवार दोन. आज शुक्रवार.

त्या भाषेत जिभेच्या टकटकीचीही व्यंजने आहेत. एक आपल्या चुकचुकण्यासारखे. ते तिला येतच होते. दुसरे टाळूवरून जीभ आपटून काढायचे; तेही दोन दिवसांत बसले. तिसरे, नेमके नावाच्या आरंभी येणारे, जीभ दाढांपाशी चिकटवून गालातून ओढायचे. ते ध्वनिफितीवर ऐकताक्षणी तिला मामा आठवले होते. याच आवाजावर ते बैल हाकत.

"जरा हळू करून दाखव ना."

"हळू कसा करू? केला का बैल चालतात."

तसेच होत होते. मामांच्या गालातून तो ओला, ठसठशीत आवाज निघे आणि बैल जू ओढू लागत. दर्शना त्यांच्या तोंडाकडे बघत ढेकळांतून धडपडत शेजारून धावे. मागून कमळामामी ओटीतले वालाचे दाणे नांगराच्या तासात सोडत येई. शेताच्या टोकाला मामा "हो हो" करून बैल थांबवत. मग दर्शनाची पाळी. तिच्या तोंडातून कधी फुसका वारा निघे, कधी लाळ. बैल कानही हलवत नसत.

"ते बी परीक्षकच हायत," मामा म्हणाले.

न्याहारीला मामा-मामी बांधावर बसली. बैल जुवाखालीच उभे होते. दर्शनाला बसवेना. जिभेची कड हुळहुळत होती, तरी ती बैलांपाशी उभी राहून गाल ओढतच होती.

"बस गो जरा," मामीने तिच्या हातात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी दिली. "दोन भाषा ताडून बघायच्या, म्हंजे तू करतेस तरी काय?"

"हे बघ. पुरुष आला, तर तेलुगूत म्हणतात 'वच्चाडु'. बाई आली, 'वच्चिंदि'. आणि गाय आली, तरी 'वच्चिंदि'च."

मामीचा घास थांबला. "बाई नि गाय एकच?"

"एकटी असली तर. पुष्कळ जणी आल्या की मग पुरुषांसारखंच, 'वच्चारु'."

"म्हंजे एकटी गुरात, नि चार जमल्या का मानसात! आनि तुझ्या त्या खोसात?"

"तिथे निराळं. बायको आली, 'उम्फाझी उफिकिले'. गाय आली, 'इन्कोमो इफिकिले'. आणि नवरा आला..." दर्शनाने मामांकडे पाहिले. "'इन्दोदा इफिकिले'. बाई माणसांच्या वर्गात. नवरा गाईच्या."

मामी पदर तोंडाला लावून हसत सुटली. तिचे खांदे हलू लागले. "ऐकला का? तिकडं तुमी गुरात!"

मामांनी शांतपणे चटणी भाकरीवर पसरली. "असू दे. मंग नांगर कोन धरतो तिकडं?"

"मानसात हाय ती धरते!"

व्याकरणातले वर्ग म्हणजे काही माणसांचे मान नव्हेत, हे दर्शना समजावून सांगणार होती. प्रबंधाच्या आराखड्यात तिने त्यावर एक परिच्छेदच लिहिला होता. पण मामी ऐकून घेण्याच्या स्थितीत नव्हती. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. दर्शनालाही हसू आवरेना. चार दिवस आवळून धरलेला जबडा सैल पडला, आणि तशातच तिने सहज जीभ दाढांवरून ओढली.

आवाज निघाला. ओला, ठसठशीत, भरगच्च.

दोन्ही बैल एकदम चालू लागले.

"अरे!" मामा तोंडातल्या घासासह धावले आणि रुमणे गाठून त्यांनी तसाच पुढचा तास धरला. दर्शना जागच्या जागी उडाली. तिने पुन्हा तो आवाज काढला, त्याला पुढचा स्वर जोडला, आणि त्या भाषेचे सबंध नाव पहिल्यांदा तिच्या तोंडून बाहेर पडले. सोमवार आता तिचा होता.

"मामी, जमलं! ऐकलंस?"

ती वळली. बांधावर मामी नव्हती. अर्धी भाकरी फडक्यात तशीच टाकलेली होती. ओटी वालाने भरून घेऊन मामी बैलांच्या मागे तासात उतरलीही होती. तिचे हसू कुठे तुटले, ते दर्शनाच्या ध्यानातच आले नव्हते.

"मामी, अगं, भाकरी तरी संपव!"

"बैल निघालं ना गो," मागे न बघता मामी म्हणाली, आणि वाकून तिने पुढचा दाणा सोडला.