तीनदा गुरगुरणारं मशीन

ऑरिनने झाकणाचा शेवटचा बोल्ट काढला, तेव्हा आतून मातीची बारा-पंधरा घरटी खाली पडली. कुंभारमाश्यांची होती. कुठल्याशा गोठ्यामागे हे इंजिनावर चालणारं वेल्डिंगचं मशीन वीस-एक वर्षं पडून होतं.

"एवढ्या माश्यांनी संसार केला यात," हॉइट म्हणाला. "आणि तू ते इंजिन आहे म्हणून विकत आणलंस."

हॉइट शेजारचा. दहा वर्षांपूर्वी या गावात राहायला आला. आयुष्यभर गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त केले, म्हणून ऑरिनने त्यालाच हाक मारली होती. मशीन कधीतरी ट्रकवरून पडलेलं. रेडिएटर चेपलेला, पंख्याचं एक पातं वाकडं, एक बाजू पार आत गेलेली. पण मशीनच्या दाराच्या आतल्या अंगाला छिन्नीने कोरलेला इंग्रजी 'ई' अजून शाबूत होता. ऑरिनने लिलावात आधी दार उघडून तेवढाच पाहिला आणि मग हात वर केला.

"कुणाचं होतं हे?"

"अर्लचं. माझ्या मेहुण्याचं. तो 'ई' म्हणजे त्याच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर."

"वेल्डावहिनींना भाऊ होता?"

"तसला मेहुणा नाही. पाइपलाइनवर मोठ्या पाइपाच्या एका जोडाला दोघं वेल्डिंग करतात. एक डावीकडून, एक उजवीकडून. वरून सुरुवात करायची आणि खाली येऊन भेटायचं. त्या दुसऱ्याला मेहुणा म्हणतात."

"बहीण न देताच?"

"न देताच."

हॉइट हसला. "स्वस्तात पडलं की रे."

ऑरिनने हवेची नळी घेतली आणि आतल्या आर्मेचरच्या तारांवरची धूळ उडवायला लागला.

ओसरीवरच्या झुलत्या खुर्चीत त्याची बायको, वेल्डा, बसली होती. मांडीवर शेंगांचं टोपलं. सोललेल्या शेंगाच ती पुन्हा सोलत होती. थोड्या वेळाने तिने हाक मारली, "अहो मिस्त्री, ऊन्ह उतरलं. घरी तुमची वाट बघत असतील."

"एवढं आटपलं की निघतोच, बाई," ऑरिन म्हणाला.

दोन वर्षं झाली, ती त्याला मिस्त्रीच म्हणत होती. आधी कालचं विसरली, मग गेल्या वर्षीचं. उसवत चाललेल्या स्वेटरसारखे एकेक दिवस मागे मागे सुटत गेले. सोमवारी तिला गावातल्या वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं होतं. आज शुक्रवार. मशीन चालू होईपर्यंत गोड तोंडात घालणार नाही, असं ऑरिन देवाला बोलून बसला होता. गेल्या रविवारी चर्चच्या बायकांनी पीच भरून भाजलेली गोड पोळी पुढे केली, तीही त्याने हात जोडून परत दिली होती.

"वहिनी ओळखतील का रे तुला?" हॉइटने हळूच विचारलं.

"आवाज ओळखेल."

तो आवाज ऑरिनच्या कानात चाळीस वर्षं होता. लाइनवरून परतलेला ट्रक अंगणात लागायचा. लाइनवाल्यांच्या बायका दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत नसत, अपशकुन मानत. म्हणून अंगणातच मशीन चालू करायचं आणि तीनदा गुरगुरवायचं. म्हणजे सगळे धड आलो, भाकर टाक. आत लोखंडी तवा वाजायचा, मक्याच्या भाकरीचा वास सुटायचा. ऑरिन पंपावर हात धुऊन टेबलाशी बसायचा. वेल्डा तळलेली भेंडी वाढताना म्हणायची, "खा, खा. पाइपाला भूक लागत नाही, माणसाला लागते."

मग एका पावसाळी सकाळी खंदकाची कड ढासळली. अर्ल खाली होता. त्याच साली वेल्डाने मशीन विकून टाकलं.

शनिवारी दुपारी नवे कार्बन बसले, कॉम्युटेटर घासून तांब्याचा रंग वर आला. हॉइटने रेडिएटर डाग देऊन आणला. इंजिन चौथ्या झटक्याला खोकलं आणि सुरू झालं. पण करंट येईना.

"मेलंय," हॉइट म्हणाला.

"विसरलंय. फार दिवस पडून राहिलं की यातलं चुंबक स्वतःला विसरतं. बॅटरीची एक टिचकी दिली की आठवतं."

पण घाईत ऑरिनच्या हातून तारा उलट्या लागल्या. मीटरचा काटा मागे गेला.

"हे काय?"

"उलटं आठवलं त्याला." ऑरिनने कपाळावरचा घाम पुसला. "त्याचा दोष नाही. जसं जागं कराल तसं जागं होतं."

त्याने तारा बदलल्या. काटा सरळ वर चढला. हॉइटने त्याची पाठ थोपटली आणि आता आपण इथं नको, असं म्हणत कुंपणापलीकडे निघून गेला.

सूर्य गोठ्याच्या छपराला टेकला होता. ऑरिन पंपावर गेला, कोपरापर्यंत हात धुतले. फळीवरून जुनं चामड्याचं जाकीट काढून अंगात घातलं. खांद्यात ते सैल होत होतं. काळ्या काचेचं हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि थोडं थांबून तोंडावर खाली ओढलं.

मग मशीन गुरगुरवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

ओसरीवरची खुर्ची झुलायची थांबली. टोपलं सांडलं, वेल्डा उठून घरात गेली. आत तवा वाजला.

दार उघडून वेल्डा पायऱ्या उतरली ती कुणाचा हात न धरता. एप्रनला हात पुशीत, केसांची बट कानामागे सारत सरळ त्याच्यापाशी आली. तिचे डोळे लख्ख होते, कित्येक महिन्यांत नव्हते इतके. तिने जाकिटाची कॉलर धरून त्याला गदागदा हलवलं.

"आज तरी लवकर यायचंस, अर्ल. आपल्या लग्नाला वर्ष झालं, तेही मीच आठवण करून द्यायची का?" मग ट्रक जिथं उभा असायचा तिकडे मान वळवून ती हलकेच म्हणाली, "आणि तुझ्या त्या मेहुण्यालाही आत बोलाव. ऑरिनला म्हणावं, जेवून जा. बिचाऱ्याची घरी वाट बघणारं कुणी नाही."

"बोलावतो," हेल्मेट वर न करता ऑरिन म्हणाला.