तिरका शिक्का

“खरा शिक्का घाईत मारलेला असतो, म्हणून खोटा नेहमी तिरका मार,” हे झेरॉक्सवालीला नवऱ्यानंच शिकवलं होतं. दंड चुकवायला येणाऱ्या गाडीवाल्यांना दोघं विम्याचे बनावट कागद बनवून द्यायची. आज नवऱ्याचे दोन्ही पाय एका गाडीखाली चिरडले गेले होते आणि ती इस्पितळात त्याच्या खाटेशी उभी होती. “रडू नका बाई, गाडीचा विमा आहे. भरपाई मिळेल,” म्हणत हवालदारानं गाडीवाल्याचा कागद तिच्यापुढे धरला. तिनं तो बघताक्षणीच ओळखला. हवालदारामागे उभ्या गाडीवाल्यानंही तिला ओळखलं होतं. तो गोड आवाजात म्हणाला, “ताईंनाच विचारा की साहेब. खरंखोटं त्यांच्याइतकं कुणाला कळणार?” खोटा म्हणावं तर पहिल्या बेड्या तिलाच पडणार होत्या. “खरा आहे,” ती पुटपुटली. नवऱ्यानं कण्हत डोळे उघडले. “अगं, विमा आहे ना त्याचा?” “आहे,” ती म्हणाली. “शिक्का तिरका आहे.”