वीतभर खोल

शेजारच्या नेव्हिलचा मेटल डिटेक्टर पन्नास वर्षं जुना. बाटलीच्या बुचावरसुद्धा बोंबलायचा. आज मात्र हेझलच्या सासरच्या शेतावर, खुराड्यामागच्या सफरचंदाच्या झाडाखाली तो असा काही कोकलला की कोंबड्या चहूकडे पांगल्या.

हेझल हातातलं धुणं टाकून धावली. तोवर खिमा करायचं जुनं लोखंडी यंत्र काखोटीला मारून नेव्हिल स्वयंपाकघरात शिरलाही होता. सापडेल ते आधी जमिनीच्या मालकाला दाखवायचं, हा त्याचा नियम. आणि मालकीण होती हेझलची सासू, नव्वदीची विनिफ्रेड.

रविवारचं उरलेलं मटण दर सोमवारी त्या यंत्रातून काढून काढून हेझलचा खांदा भरून यायचा. ते गायब झालं त्याला बावीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून ती एकच सांगत आली होती, "आई, चर्चच्या जुन्या बाजारात गेलं हो ते चुकून."

विनिफ्रेडनं माती पुसली, दांडा फिरवून पाहिला आणि चष्म्यावरून सुनेकडे बघितलं. हेझल शेगडीवरच्या किटलीकडे बघत राहिली.

"किती खोल होतं रे, नेव्हिल?"

"असेल वीतभर."

"वीतभर?" म्हातारीनं नाक मुरडलं.



"हेझल, पुरायचं तर नीट पुरावं गं. मी माझ्या सासूची इस्त्री कमरेएवढ्या खड्ड्यात घातली होती, अजून कुणाच्या बापाला सापडलेली नाही."