नाण्याची कड

“एकसष्ट फोटो होते, बाबा. एकसष्टच्या एकसष्ट नीट करून ठेवले,” असं म्हणत मुलीनं टॅब्लेट काउंटरवर ठेवला. परीक्षेत पहिली आल्यासारखा तिचा चेहरा फुलला होता.

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. पडद्यावर नाण्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक नाणं गोल कापलेलं, मागे पांढरं शुभ्र, खाली धातू आणि साल लिहिलेलं.

“आधीचे कुठायत?”

“आधीचे कसले? तेच हे. भोवतीचा पसारा तेवढा कापला. टेबलं काय, चादरी काय, बोटं काय, वाट्टेल ते होतं त्यात.”

“आणि मूळचे?”

“पुसले. जागाच उरली नव्हती. डिलीट केलेलेसुद्धा साफ करून टाकले.”

दुरुस्तीला घेतलेलं घड्याळ तसंच उघडं ठेवून घड्याळजी स्टुलावर बसले. मुलीला वाटलं, थकले असतील. मग ते एकेक फोटो बोटांनी मोठा करून नाण्याभोवतीची पांढरी जागा बघू लागले.

“अहो बाबा, सगळी नाणी आहेत! एकालाही धक्का लावलेला नाही मी.”

“हो गं,” ते म्हणाले. “नाणी आहेत.”

चार वर्षं हे खूळ चाललं होतं. जुनी नाणी विकणाऱ्या एका साइटवरून घड्याळजी नाणी घेत. तिथे विकणाऱ्याला घेणारा दिसत नसे आणि घेणाऱ्याला विकणारा. नावाच्या जागी आकडे, तेही दर खेपेला नवे. पाकीट यायचं ते साइटच्या गोदामातून. नाणं विकलं गेलं की त्याचा फोटोही तिथून गायब. म्हणून घड्याळजी आधीच फोटो उतरवून ठेवत आणि पुढचं नाणं घेताना त्यांच्याशी ताडून बघत. त्यांना नाणी हवी असायची ती एकाच माणसाची. तो हातातून निसटू नये, एवढीच त्यांची धडपड.

“बाकीचे गंडवतात,” असं ते सांगत.

शेजारच्या गाळ्यातल्या नाणेवाल्यांना यावर हसू आवरत नसे. त्यांची उभी हयात जुन्या नाण्यांच्या धंद्यात गेलेली. “अहो, तुमचा तो एकटाच तर तुम्हाला गंडवतोय! घासून गुळगुळीत झालेली नाणी ही. फुकट दिली तरी मी दुकानात ठेवणार नाही.”

घड्याळजी हसून सोडून देत. पाकीट फोडलं की नाणं स्क्रूंच्या डब्यात टाकत, साधं पुसतही नसत. फोटो मात्र तासन्‌तास बघत. बोटांनी इतका मोठा करत की नाणं अर्धं पडद्याबाहेर जाई.

“यात बघता तरी काय एवढं?” नाणेवाल्यांनी एकदा विचारलं होतं.

“कड,” घड्याळजी म्हणाले होते. “माणूस कडेवरून ओळखू येतो.”

आता चार वाजून गेले होते. नाणेवाल्यांनी दारातून डोकं आत घातलं. “घड्याळजी, तुमच्या साइटवर मधे भोक असलेली तांब्याची नाणी आलीत. पाच जण विकतायत. पाच वाजता विक्री बंद होतेय. बघा बुवा, तुमचा माणूस कुठला ते!” आणि ते गेले.

उन्हाची तिरीप पडद्यावर येत होती. घड्याळजी शटर अर्धं ओढायला उठले. आधी वाकून खाली पाहिलं. “हात काढा रे,” म्हणाले. खाली चिटपाखरूही नव्हतं. ही त्यांची कित्येक वर्षांची सवय, आणि सगळी गल्ली त्यावरून त्यांची चेष्टा करायची.

“थांबा, मी जुळवून देते,” मुलगी म्हणाली. तिनं एकीकडे आपले कापलेले फोटो घेतले, दुसरीकडे आजचे. बराच वेळ खटपट केली. “छे! नुसत्या नाण्यावरून कसं कळणार, विकतंय कोण ते?”

“नाहीच कळत.”

“फोटो कापायला मला दादानंच शिकवलं होतं, तो असता तर…” आणि तिनं जीभ चावली.

दादाचं नाव काढायचं नाही, हा बाबांचाच नियम होता. दुकानात बसण्यावरून बापलेकांचं कडाक्याचं भांडण झालं आणि दादा घर सोडून गेला, त्याला सहा वर्षं झाली. त्याच दिवशी घड्याळजींनी त्याचा घरातला फोटोन्‌फोटो फाडून चुलीत घातला होता. भिंतीवर त्या जागी अजून फिकट चौकोन होता.

“बाबा, चुकले मी. कशासाठी हवे होते ते फोटो, मला खरंच माहीत नव्हतं हो.”

“तुला कसं माहीत असणार? मी कुठे सांगितलं होतं?” त्यांनी टॅब्लेट जवळ ओढला. पाचाला दहा मिनिटं होती.

पहिलं नाणं मखमलीवर होतं. दुसरं वजनकाट्यावर. तिसरं चिमट्यात. घड्याळजी एकेक पुढे सारत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. चौथा फोटो उघडला आणि त्यांनी घाईघाईनं भिंग डोळ्याला लावलं. दोन बोटांनी फोटो मोठा करायला लागले. मुलगी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. नाणं डावीकडे सरकलं, अर्धं गेलं, मग पुरतंच पडद्याबाहेर गेलं.

“अहो बाबा, नाणं गेलं!”

“जाऊ दे.”

पडद्यावर नाणं धरणारा अंगठा तेवढा उरला. त्याचं नख मधोमध दुभंगून दोन भागांत वाढलेलं होतं. शाळेत असताना या दुकानाच्या शटरखाली बोट सापडल्यापासून दादाचं नख तसंच वाढायचं.

“एकसष्ट,” मुलगी पुटपुटली.

घड्याळजींनी फोटो उतरवून घेतला, नाणं घेतलं आणि भिंग काढून डोळे पुसले. “पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणालो होतो मी त्याला,” ते म्हणाले. “नाही दाखवलं त्यानं.”