एका काडीत

चितेगावात कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग सिनेमावाले आले. कारखान्याच्या साहेबाची ऐट बघून अख्खं गाव सिगारेटी फुंकायला लागतं, असा त्यांचा विनोदी सिनेमा. त्यात बिडी न सोडणारा हट्टी मेंढपाळ झाला गावातलाच मेंढपाळ, मुंजाबा.

सिनेमा गावात दाखवायला आणला, तेव्हा मात्र मुंजाबा पार मागं अंधारात जाऊन बसला. नातवंडं झाली, तरी बापासमोर त्यानं कधी बिडी ओढली नव्हती. आणि बाप, सूर्यभान, नवा पटका बांधून पडद्यासमोर पहिलाच बसला होता.

पडद्यावर माळावरच्या वाऱ्यानं साहेबाची काडीमागून काडी विझली. शेजारी मुंजाबानं ओंजळीच्या आडोशाला बिडी पेटवून झोकात धूर सोडला. गाव खो खो हसलं. खरा मुंजाबा अंधारातून सटकायला लागला.

"मुंजा, हिकडं ये!"

तो मान खाली घालून पुढं गेला. "चुकलं, बा."

"गप रं!" म्हाताऱ्यानं त्याचा खांदा धरून त्याला गावकऱ्यांकडं वळवलं. "पाहिलं का लोकहो? एवढ्या वाऱ्यात, एका काडीत! पोरगं माझंच हाय."